बोटभर टेप

“रावरे, एकच शब्द काढायचा,” आमदारांचा मेहुणा मला म्हणाला. “स्वल्प. बोटभर टेप.”

मल्लेश्वरमच्या एका स्टुडिओत मी टेप एडिटर होतो. नव्वदच्या दशकातही आमच्याकडे आवाज ब्लेडने कापायचा आणि चिकटपट्टीने सांधायचा. त्याला स्प्लाइस म्हणत.

आठवड्यापूर्वी आमदार स्वतः येऊन मतदारांसाठी कन्नडमध्ये निरोप रेकॉर्ड करून गेले होते. आधी केलेली कामं, शेवटी एक वाक्य: ‘नानु मत्ते निल्लोदिल्ला.’ मी पुन्हा उभा राहणार नाही.

“घरी अजून सांगितलं नाही,” जाताना म्हणाले होते.

दोन दिवसांत पक्षाघात झाला. वाचा गेली.

“पण उमेदवारी अर्ज?” मी मेहुण्याला विचारलं.

“अंगठा घेतलाय. आवाज तुम्ही द्या.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं की. नाही म्हणाले नाहीत.” तो हसला. मीही हसलो.

कन्नडमध्येही नकार मराठीसारखा शेवटी येतो. ‘इल्ला’ कापलं, तर मागे ‘निल्लोद्’ अर्धवट लोंबकळत राहिलं. त्यांच्याच दुसऱ्या वाक्यातला ‘उ’ उचलून तिथे लावला. ‘निल्लोदु.’ उभा राहणार. सांधा कानाला लागत नव्हता. मला स्वतःचं कौतुक वाटलं, तेही लिहून ठेवतो.

चार दिवसांनी जादा कॅसेट द्यायला आमदारांच्या बनशंकरी भागातल्या घरी गेलो. भर दुपार. आमदार खाटेवर, नजर छताला. उशाशी त्यांच्या पत्नी. सगळे त्यांना अक्का म्हणत. तेवढ्यात प्रचाराची ऑटो गल्लीत शिरली आणि आमदारांचा आवाज खिडकीतून आत आला.

त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, पण शब्दाला शब्द जुळत होता. श्वाससुद्धा तिथेच. ‘निल्लोदु’ आलं, लाउडस्पीकर थांबला. ओठ थांबले नाहीत. जीभ टाळूला टेकली, तोंड उघडलं. पुन्हा टेकली, पुन्हा उघडलं. ऑटो लांब गेली तरी तेच.

“रोज असंच,” अक्का म्हणाल्या. “शेवटी काहीतरी जास्तीचं म्हणतात. काय हो ते? तुम्ही आवाजातले जाणकार.”

मेहुणा दारात उभा होता.

“काही नाही, अक्का,” मी म्हणालो. “स्नायूंचं असतं.”

“सरी, बरं,” म्हणून त्यांनी पदराने आमदारांचे ओठ पुसले.

आमदार निवडून आले. शपथविधीआधी वारले. अक्काही आता नाहीत. मेहुणाही गेला. विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून हे सांगण्यात शौर्य नाही.

आमच्या धंद्यात एक नियम होता: कापलेला तुकडा फेकायचा नाही, कधीही परत जोडावा लागतो. मी तो फेकला नाही, पाकिटात आहे. जोडलाही नाही.