नाचणाऱ्या मैनेला घेऊन पुण्याला

ड्रेसाज शिकवणाऱ्या मॅडमनी फोनवर एकच सांगितलं, "घोडी बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." म्हणून निघालो. उत्तनला जागा भाड्याने घेऊन तबेला बांधून तयार होता. लोकांचे घोडे सांभाळायचे आणि पोरांना ड्रेसाज शिकवायचं, म्हणजे हलक्या इशाऱ्यावर घोडा चालवायचा, वळवायचा. मॅडम आल्या तरच पोरं येणार. माझ्या बांगड्या त्या तबेल्यात गेल्यात, मागे फिरायची सोय नव्हती.

घोडी आमची मैना, वरातीत नाचणारी. माझ्या भावाने, संतोषने, तिला शिकवलं. भाईंदरचे बँडवाले तिलाच बोलावतात. आम्हाला वाटलं, नाचते म्हणजे अर्धं शिक्षण झालंच.

घोडा टेम्पोने न्यायचा असेल तर अंधारात निघा. उजाडल्यावर घोडबंदर रोडला अडकलात तर घोडा आत घामाने भिजतो. खाली गवत जाड पसरा, नाहीतर घाटात पाय सरकतात. टेम्पोवाला वाटेल ते भाडं सांगतो, भांडा, उतरतो. खोपोलीला वडापाव खाल्ला, तेल जुनं होतं. मागून धडधड आवाज आला तसा ड्रायव्हर म्हणाला, "भाभी, घोड़ी गाड़ी में भी नाचती है क्या?"

"तेरी गाड़ी से परेशान है. आगे देख के चला."

पुण्याच्या पुढे मॅडमचं मैदान. साफ वाळू, आणि घोडे इतके शांत की मीच आवाज खाली केला. संतोषने मैनेला उतरवून पाणी पाजलं, मग लगाम खेचून तोंडानेच ढोल वाजवला. मैना मान ताठ करून एकेक पाय उचलायला लागली. मी मॅडमकडे बघत होते. त्या हसल्या नाहीत.

"थांबवा." जवळ येऊन त्यांनी मैनेच्या तोंडात बोटं घातली. "ताई, तुम्हीपण हात लावा."

लावला. जिभेवर चपलेच्या चामड्यासारखी गाठ.

"काटेरी लगाम ना?"

"सगळेच घालतात मॅडम," संतोष म्हणाला. "त्याशिवाय घोडी नाचत नाय."

"ही नाचत नाही. दुखतं म्हणून पाय उचलते."

"शिंगरू होती तेव्हापासून माझ्या हातचं खाते ती!" संतोष चिडला.

"मग हा घालून बसा." त्यांनी रबराचा लगाम दिला. संतोष बसला, लगाम नुसता हातात घेतला, तर मैना सरळ मागच्या पायांवर उभी. तो खाली. मनगट सुजलं.

मॅडम म्हणाल्या, "हिच्यावर पोरं बसवू नका. तोंडात काही न घालता ठेवा. सुधारेल की नाही, सांगता येत नाही. शिकवलेला घोडा आणा, मग मला बोलवा."

शिकवलेला घोडा कुठल्या पैशातून आणायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

परतताना घाट उतरेपर्यंत संतोष सुजलेलं मनगट चोळत होता. मग म्हणाला, "ताई, लग्नसराई आलीय. एवढा सीझन नाचू दे तिला."

"काटा घालून?"

"मग काय, हात जोडून सांगू तिला?"

"दुसऱ्याची घोडी बघ."

त्याने बघितली. आता माझ्याशी बोलत नाही. तबेल्यात लोकांचे दोन घोडे आहेत, भाडं जेमतेम निघतं. पाटीवर शिकवण्याचं लिहिलं होतं त्यावर मी रंग मारला. तुम्ही कोणी असा घोडा घेऊन जाणार असाल, तर टेम्पो ठरवायच्या आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघा. डिझेल वाचेल.

मैना दिवसभर नुसती उभी असते. तोंडात काही नसतं. पण गावात लांब बँड वाजला की पाय उचलायला लागते, मान ताठ करून. "अगं, गप उभी राहा," मी ओरडते. बँड थांबेपर्यंत ती थांबत नाही.