रागेलवहिनीची नाब्याची जागा

१७ एप्रिल २०१८. आरानोसच्या डांबरी रस्त्यावर सालोमन बोइसने दोन बादल्या नाबा विकला, सहाशे चाळीस नामिबियन डॉलर खिशात घातले आणि परतीच्या वाटेवर गाढवांशी एक शब्द बोलला नाही. एरवी तो गाढवांना सगळं सांगायचा: बायकोचे टोमणे, पाद्रीबुवांचं लांबलेलं प्रवचन, गुडघ्याची कळ.

नाबा म्हणजे वाळूखाली बटाट्यासारखी फुगणारी अळंबी. ती गवताच्या मुळांना धरून वाढते आणि पाऊस बरा झाला की वाळूला भेग पाडते. ती भेग ओळखायचं काम बायकांचं. जिची जागा तिची. आईकडून लेकीकडे जाते. सालोमन त्यांना गाढवगाडीतून माळावर नेत असे. गाडीवाल्याची रीत एकच: बाई वाळूची टेकडी चढू लागली की तिची जागा दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून बसायचं. तीस वर्षं तो तसाच बसला होता.

या हंगामात एक दिवस तो वळून बसला. त्या दिवशी रागेलवहिनी रिकाम्या हाताने खाली उतरली होती. "लहान आहेत अजून. फुगू देत थोडे," म्हणाली होती. मग विंडहुकचा व्यापारी वेळेआधीच आला आणि पहिल्या मालाला दुप्पट भाव बोलला. निम्मे वहिनीला कुठल्यातरी निमित्ताने देऊन टाकू, असा सालोमनने हिशेब मांडला. असले हिशेब मनात मांडताना चटकन जुळतात. काठीने उकरायला वेळ लागतो, म्हणून वहिनीच्या जागेवर त्याने फावडं नेलं.

"खिसा जड दिसतोय," घरी बायको, लेना, म्हणाली. "गाढवं विकलीत की काय?"

"जुनं येणं होतं."

"तुमचं येणं? अहो, सगळं गाव तर तुमच्याकडे मागत असतं!" ती हसली. तोही हसला, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागेलवहिनी दारात उभी. सालोमनच्या चुलतभावाची, फ्रेडरिकची ही विधवा. फ्रेडरिकला जाऊन दोन वर्षं झाली तरी थडग्यावर दगड नव्हता. या नाब्याच्या पैशांतून तो जूनमध्ये उभा राहायचा होता. पाहुण्यांना आमंत्रणंही गेली होती.

"भाऊजी, गाडी जोडा. माझ्या जागेवर कोल्हा फिरलाय."

"कोल्हा?"

"दोन पायांचा. काल संध्याकाळी चालत गेले होते, लांबूनच दिसलं. पुढे पाऊल टाकवलं नाही."

टेकडीपाशी तो सवयीने पाठ करून बसला. वहिनी म्हणाली, "आता लपवायला काय उरलंय? या तुम्हीही वर."

गवताची ठोंबं उलथी पडली होती. वहिनीने एक उचललं. "हे बघा. मुळांवर वाळूची बाही असते, तिच्यात हे बारीक धागे. नाबा गवताला पाणी पाजतो, गवत नाब्याला जेवू घालतं. या मेल्याने ताटाबरोबर चूलही उचलली! घरात काठी नव्हती का त्याच्या? आईने कधी नाबा खाऊ घातला नाही वाटतं."

"घातला असेल," सालोमन म्हणाला.

"मग फुकट गेला तो."

शिव्या देत देत ती ठोंबं पुन्हा वाळूत बसवू लागली, पिण्याच्या डब्यातलं पाणी त्यांना घालू लागली. सालोमनला नुसतं उभं राहवेना. त्याने चार ठोंबं काखेत मारली, काटेरी झुडपाला वळसा घालून तो मागे गेला आणि तिथल्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसला.

शिव्या थांबल्या.

"भाऊजी, झुडपामागेही माझी जागा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो वाळू दाबत राहिला. "वहिनी, निम्मे तुम्हाला देणार होतो."

"कशातले निम्मे?"

त्याने पुढचं ठोंब खड्ड्यात धरलं.

"त्या दगडावर बोइस हेच नाव कोरायचंय," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं नाही."

तिने चार शिव्या आणखी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पुन्हा कामाला लागली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "घट्ट दाबा. आत हवा राहिली तर धागे सुकतात."

संध्याकाळी त्याने सगळे पैसे तिच्या हातात दिले. तिने मोजून घेतले आणि त्यातले वीस काढून गाडीच्या फळीवर ठेवले. "आजचं भाडं." सालोमनला ते उचलवेनात आणि तिथे ठेववेनातही. शेवटी लेनाने ते उचलले. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं, आणि त्या दिवसापासून ती त्याला टोमणे मारीनाशी झाली.

दगड जूनमध्ये उभा राहिला. दगडावर झाकलेलं कापड दूर करताना जवळचा आप्त म्हणून सालोमनला पुढे बोलावलं. तो गेला, पण नाव वाचायला मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माळावर ठिकठिकाणी भेगा पडल्या, वहिनीच्या जागेवर एकही नाही. बायका आता नाब्याला पायीच जातात. वाटेत सालोमन दिसला तर गुडघा कसा आहे विचारतात, गाडीत मात्र बसत नाहीत.

दगडाचे कमी पडलेले पैसे मी भरतो, असं त्याने गवंड्याला सांगितलं होतं. त्यातले साठ डॉलर अजून द्यायचे आहेत.