कात्री यंदा ताईकडे

आमच्या गल्लीत भांडण सरळ होतच नाही. दोघं तावातावाने घराबाहेर येतात, बाह्या सरसावतात, आणि ऐन वेळी त्यातला एकजण म्हणतो, "तुझ्या बोलण्यावरून मला जाणवतंय की तू रागावला आहेस." दुसरा म्हणतो, "हो, पण तू ऐकून घेतलंस, मोकळं वाटलं." संपलं! कामधंदा सोडून बघायला आलेले आम्ही आपले हात हलवत घरी जातो.

हे सगळं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या समाजकार्याच्या शाळेमुळे. शाळा विद्यापीठाची आहे, मोठी आहे, आणि तिथल्या पोरांना शिकायला समाज लागतो. सगळ्यात जवळचा समाज म्हणजे आम्ही. माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच आहे, त्यामुळे आमचं पुढे काय भलं होणार आहे ते मला सगळ्यात आधी कळतं. एकाच खड्ड्यात या लोकांनी दरवर्षी झाड लावलंय. स्वच्छता सप्ताहाला पाहुणे येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशीच गल्ली लख्ख झाडून ठेवली, तर त्यांचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता मुलांनी झाडायचं काय?" शेवटी वाण्याने दुकानातली खोकी फाडून रस्ताभर पसरली, तेव्हा कुठे सप्ताह पार पडला. एकदा पाण्याची पाइप फुटली. सवयीने सगळी गल्ली गोल करून बसली, एकेकाने आपली ओळख करून दिली, आपल्याला पाइपबद्दल काय वाटतं ते सांगितलं. पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर कुणाला तरी प्लंबर आठवला. प्लंबर त्याच गोलात बसला होता.

पण या सगळ्यांवर कडी केली माझ्या धाकट्या आत्याने.

तिला सगळे टाचणी म्हणतात. कपडे दुरुस्त करून देते ती. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, सैल झालेलं घट्ट आणि घट्ट झालेलं सैल करणं. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मं बोलणं भुवयांनी. नाकावर माशी बसू देत नाही, पण कुणी रडायला लागलं की ही विरघळलीच. तिच्या शेजारच्या खोलीत तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मोठी आत्या. तिला सगळी गल्ली ताई म्हणते. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही पातळ. सकाळी टाचणी आत्याचं मशीन सुरू झालं की त्या आवाजाने ताई उठायची. ताईचा रेडिओ लागला की ही निवांत व्हायची, की चला, उठली बया.

दोघींचं भांडण मात्र खरं होतं हो, सुरुवातीला. आजी गेल्यावर तिची कापड कापायची मोठी कात्री ताईने ठेवून घेतली, आणि ती त्या कात्रीने कुंडीतल्या फांद्या छाटायची. कपडे शिवणाऱ्या बाईसमोर, कापडाच्या कात्रीने, फांद्या! टाचणी आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर्षभर बोलली नाही ती बहिणीशी. मग शाळेची एक मुलगी आली, दोघींच्या मधे स्टूल टाकून बसली, आणि महिन्यामहिन्याने करत तिने ते भांडण मिटवलं. शेवटी कात्रीला लाल फीत बांधून ताईने ती बहिणीच्या हातात दिली, दोघी गळ्यात पडून रडल्या, फोटो निघाला. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या वर्षीची एक पोरगी आत्याच्या पायरीवर बसून मुसमुसायला लागली. बाकीच्या मुलांनी गल्लीतले सगळे त्रास आधीच वाटून घेतले होते. न्हाव्याचं दारूचं प्रकरण एकाने उचललं, वाण्याच्या मुलाचं शाळा बुडवणं दुसऱ्याने. हिच्या वाट्याला एकही दुःख उरलं नव्हतं. आत्याला कुठलं बघवतंय! तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून ओरडली, "ताई, या वेळी कात्री मी चोरलीय बरं का!" पलीकडचा रेडिओ बारीक झाला. मग ताई म्हणाली, "चोरटी कुठली!" जमलं.

तेव्हापासून दरवर्षी हेच. एक वर्ष कात्री हिच्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. जिच्याकडे कात्री ती चोर. सत्र सुरू झालं की अबोला, सत्र संपताना परीक्षकासमोर समेट, आणि सुट्टीभर दोघी पायरीवर बसून वर्षभराचं बोलून घ्यायच्या. मधे एकदा सरांनी दोघींना नळावर खिदळताना पकडलं आणि त्या वर्षीच्या मुलाची केस बाद केली. बिचाऱ्याचं वर्ष गेलं. मग आत्याने कानाला खडा लावला. सत्र चालू असताना बहिणीशी एक शब्द नाही म्हणजे नाही. मी डोकं फोडून घेतलं, "अगं, वेड लागलंय का तुम्हाला?" तर भुवयांनीच म्हणाली, पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

यंदा कात्री ताईकडे होती. आणि ऐन सत्रात ताईचा मुलगा तिला न्यायला आला. ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले होते, एकटीने जमेना. मुलगा राहतो लांबच्या शहरात. खोली सोडायची, सामान न्यायचं, कायमचंच. आम्हाला कळलं ते जायच्या आदल्या दिवशी, कारण आत्याला ते सांगायचं कोणी? दोघींचा अबोला!

मी दुकान उघडं टाकून धावले. आत्या पँटीची टीप घालत होती आणि यंदाची मुलगी, जाड चष्म्याची, समोर रडवेली बसली होती.

"आपण अजून तिसऱ्या टप्प्यात आहोत," मुलगी म्हणाली. "भावना व्यक्त करणे. समेट पाचव्यात आहे. उद्या सर बाहेरच्या विद्यापीठाचे पाहुणे आणतायत, ही केस दाखवायला."

"खड्ड्यात गेला तुझा टप्पा!" मी म्हणाले. "आत्या, सख्खी बहीण चाललीय. ऊठ, बोल जाऊन."

आत्याने टाचण्या काढल्या आणि मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"तुम्हाला काय वाटतं, काकू?"

"मला वाटतं, तुला काय वाटतं ते आधी कळावं."

मी दार आपटून निघून आले. अशा बायकांपुढे कुणी डोकं फोडावं! पण जाताना मी पाहिलं, की आत्याची टीप वाकडी गेली होती. तिची टीप मी आजवर कधी वाकडी पाहिली नव्हती.

सकाळी दारात टॅक्सी उभी राहिली. मुलगा सामान चढवत होता. तेवढ्यात सर आले, मागे पाहुणे, पाहुण्यांच्या गळ्यात बिल्ले. "हे आमचं चालू उदाहरण," सर हळू आवाजात म्हणाले, जणू पाखरं उडून जातील. गल्ली सवयीने गोल करून उभी राहिली, टॅक्सी मधोमध. ड्रायव्हरने घाबरून स्वतःचं नाव सांगितलं.

ताई काठी टेकत बाहेर आली. दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेली कात्री. फीत नाही, काही नाही. आत्याच्या पायरीसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"घे गं," ताई म्हणाली. "आता कुठलं सत्र नि काय."

"ताई, नको ना!" चष्मेवाली किंचाळली. "हा पाचवा टप्पा आहे!"

आत्याने तोंडातली एकेक टाचणी काढून पदरात खोचली. मला वाटलं, आता घेईल कात्री, पडेल गळ्यात. माझेच डोळे भरून आले होते.

"मला नको," आत्या म्हणाली.

"अगं, घे की. जातेय मी."

"म्हणूनच नको. ठेव तुझ्याकडे." आत्याचा आवाज फाटला. "चोर आहेस तू! मिटलं म्हटलं की जाशील निवांत, मग परत कशाला फिरकशील? सुट्टीत ये, माझ्या पायरीवर बस, आणि मग दे. तोवर भांडण मिटलेलं नाही!"

ताई बघतच राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण हनुवटी वर. कात्री पुन्हा टॉवेलात गुंडाळून तिने छातीशी धरली.

"फांद्या छाटीन मी हिने," ती म्हणाली.

"छाटून तर बघ!"

"रोज छाटीन!"

"बोटं मोडीन तुझी!"

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघी एकमेकींच्या नावाने ओरडत होत्या, एक खिडकीतून, एक रस्त्याच्या मधे उभी राहून. सरांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांना म्हणाले, "इथे अजून पुष्कळ काम बाकी आहे." पाहुण्यांनी माना डोलावल्या. चष्मेवालीला सरांनी पुढच्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली, आणि ती इतकी खूश झाली की वाण्याला मिठी मारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याकडे गेले. भिंतीपलीकडे सामसूम. ती मशीनपुढे बसली होती, सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. मोबाइल मशीनला टेकवून उभा केला होता. तिने नंबर लावला, पलीकडे कुणीतरी उचलल्याचं कळलं, पण ही तोंडातून अक्षर काढेना. अबोला तो अबोला. नुसतं मशीन चालवायला लागली, जोरजोरात, रिकामंच.

बऱ्याच वेळाने फोनमधून ताईचा झोपाळलेला आवाज आला. "उठले गं बाई, उठले." आणि मागोमाग रेडिओ लागला.