नानांचं लिव्हर

नाना भरीत कुटायला बसले की शर्ट काढून बाभळीच्या फांदीला लटकवत, आणि भोवती अख्खी गल्ली जमलेली असली तरी मुसळ दुसऱ्याच्या हाती देत नसत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी भांड्यात मिरची-लसूण आणि त्यावर बनियनमधले घामाघूम नाना! समोर वांगी नव्हेत, एखादा राक्षस असावा असा आवेश. कुणी मदतीला सरसावलं की गर्जत, "दूर ऱ्हाय भो! मिक्सरवाल्यांचं काम नाही हे!"

एरंडोलला आमच्या गल्लीत राहणारे हे नाना कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले. व्यसन म्हणाल तर अर्धा कप चहा. वरातीत कुणी पिऊन नाचताना दिसला, की नाना वरात सोडून सरळ घरी.

आणि नेमकं त्यांचंच लिव्हर बिघडलं!

झालं असं, की सुरतेला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांच्या सगळ्या रक्ततपासण्या ठरवल्या. रक्त घेणारा घरी आला तो हंगामातल्या पहिल्या भरीत पार्टीच्या दुसऱ्या सकाळी. रिपोर्टात लिव्हरचे आकडे पार वर. आमच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नाना, घेता का थोडी?"

नाना उभेच राहिले. "डॉक्टर, दुसरा प्रश्न विचारा."

दुसरा प्रश्न नव्हताच. जळगावच्या तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी मिळाली. ते नाशिकहून महिन्यातून एकदा येत, आणि या महिन्यातले नुकतेच येऊन गेले होते.

मग सुरू झाला तो महिना. आमच्या गल्लीत लिव्हरचा अर्थ एकच. चहाच्या टपरीवर कुणीतरी डोळा मारून विचारलं, "नाना, आता तरी सांगा, कोणत्या ढाब्यावर बसत होते?" नाना चहा तसाच ठेवून घरी आले आणि बायकोपुढे, म्हणजे अक्कांपुढे कडाडले, "लिव्हर गेलं तर जाऊ दे, पन बठ्ठा गाव माले पेताड म्हनी ऱ्हायना!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला लग्नातला सोडासुद्धा चढतो. लोकांना बोलू द्या."

पुढच्या पार्टीला नाना खुर्चीवर बसून राहिले. शर्ट अंगात. मला जवळ बोलावलं आणि मुसळ माझ्या हातात दिलं. "शिकून घे," एवढंच म्हणाले. मी कुटत होतो तोवर शिव्या मात्र पूर्वीसारख्याच मिळाल्या. "अरे, वांग्याला गुदगुल्या काय करतो!" पण पान वाढलं, तेव्हा त्यांनी घास उचलला नाही.

अखेर जळगावचा दिवस आला. मीच त्यांना गाडीतून नेलं. तज्ज्ञांनी सकाळीच पुन्हा रक्त घ्यायला लावलं. दुपारी आत बोलावून ते बराच वेळ दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत राहिले.

"मागच्या तपासणीच्या आधी काही जड काम केलं होतं?"

"काहीच नाही," नाना म्हणाले.

मला राहवेना. "डॉक्टर, आदल्या दिवशी यांनी सत्तर माणसांचं भरीत कुटलं!"

"ते काम थोडंच शे?" नाना माझ्यावर खेकसले. "भरीत केलं मी!"

डॉक्टर खो खो हसले. वर्षभरात सवय मोडलेली असताना स्नायूंना एकदम इतका ताण पडला की रक्तातले हे आकडे वाढतात, लिव्हरचा त्यात काही दोष नसतो, असं त्यांनी समजावलं. आजचे सगळे आकडे ठीक होते.

नाना उठले नाहीत. "डॉक्टर, एक उपकार करा. जे आत बोलले ते बाहेर येऊन बोला. आमच्या गल्लीतले दोघं तिथे बसेल शेत."

आणि तो भला माणूस खरंच दारात आला! भरल्या बाकांसमोर मोठ्याने म्हणाला, "नाना, तुमचं लिव्हर एकदम चांगलं आहे. दारूचा काही संबंध नव्हता." नानांनी डावीकडे, उजवीकडे आणि मधोमध असे तीन नमस्कार केले. दोन बायकांनी तर टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर मात्र पट्टा लावायला त्यांना जमेना. मी वाकून लावून दिला. "मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "की अक्का एकटी पडते आता."

वाटेत पाळधी आली, तेव्हा ते म्हणाले, "काच खाली कर रे, वारा येऊ दे."