मळीचं पार्किंग

"सिमिट न्हाई, डांबर न्हाई, ब्लॉक न्हाई. मंग पार्किंग करता कशाचं, विंजनेर? शेणानं सारवता का?"

अण्णासाहेब टेबलावर हात आपटून विचारत होते. अण्णासाहेब म्हणजे आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना बीड जिल्ह्यातला. नाव सांगत नाही, अजून त्या रस्त्याने जावं लागतं. मी तिथला सिव्हिल इंजिनिअर, पण टेम्पररी. आणि तिथंच सगळी गोम होती.

अंबाजोगाईला माझं लग्न जमलेलं होतं. म्हणजे मुलगी तयार होती, मी तर केव्हाचा तयार होतो, सासरे तेवढे तयार नव्हते. "कायमची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू," एवढंच त्यांचं म्हणणं. ऑर्डरवर सही अण्णासाहेबांची. आणि अण्णासाहेबांचं म्हणणं, "पार्किंग दाखवा, मंग सही." थोडक्यात, माझं लग्न मुरमात रुतून बसलं होतं.

वर्ष दुष्काळाचं. ऊस नाही म्हणून कारखाना बंद. पुढच्या हंगामाला तो चालू करायचा की नाही हे ठरवायला पुण्याहून साखर खात्याचे मोठे साहेब येणार होते. मागच्या खेपेला ते आले तेव्हा ऑफिससमोर गाडीतून उतरले आणि घोट्यापर्यंत फुफाट्यात गेले. मीटिंगभर शिंकत होते. शिंकता शिंकता निर्णय राहून गेला. तेव्हापासून अण्णासाहेबांनी धुळीशी उभा दावा मांडला होता.

आता साहित्य निवडायचं म्हणजे काय, ते सांगतो. काँक्रीट टाकलं की त्याला बरेच दिवस पाणी पाजावं लागतं. त्याला क्युरिंग म्हणतात. नाही पाजलं तर ते तडकतं. मी पाण्याचा टँकर मागितला. अण्णासाहेबांनी खिडकीतून मागच्या माळाकडे बोट दाखवलं. तिथे चारा छावणी होती. आसपासच्या गावांतले लोक जनावरं घेऊन तिथंच मुक्कामाला आले होते.

"जनावराच्या तोंडचं पाणी काढून सिमिटाला पाजू? लोक मलाच पुरतील त्यात."

पेव्हर ब्लॉकच्या खाली वाळूचा थर लागतो. वाळू म्हणजे गेवराईकडची गोदावरी, आणि तिथल्या वाळूचं नाव काढलं की त्या वर्षी माणसं आधी दार लावून घ्यायची. डांबराचा तर विषयच नको. मागच्या निवडणुकीत विरोधकांनी अण्णासाहेबांच्या फोटोला डांबर फासलं होतं. तेव्हापासून तो शब्द उच्चारायलाही ऑफिसात बंदी होती.

राहिलं काय? कारखान्याचं एक जुनं गोडाऊन पाडलेलं होतं. त्याच्या काँक्रीटचा ढीग कुंपणापाशी पडून होता. मी म्हटलं, हेच फोडू. मोठे तुकडे खाली, बारके वर, फटीत मुरूम आणि बॉयलरची राख. वरून रोलर. आजकाल ह्याला रिसायकलिंग म्हणून टाळ्या पडतात. तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, "म्हंजी कचरा पसरता म्हणा की."

काम तर झकास झालं. पण खडी-मुरूम जागेवर धरून बसायला पाणी मारून दाबावा लागतो. नाहीतर वरची भुकटी पुन्हा उडते. आणि पाणीच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोलर फिरला, मागे धुळीचा ढग उठला आणि रोलरवाला खलील मिस्त्री त्यात दिसेनासा झाला. नुसता खोकल्याचा आवाज येत होता, त्यावरून कळायचं रोलर कुठवर गेला.

त्याच संध्याकाळी अण्णासाहेब मळीच्या टाकीपाशी थबकले. मळी म्हणजे उसाच्या रसातली साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक. टाकीचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षं गळत होता. खालची जमीन काळीभोर, फरशीसारखी टणक झाली होती.

अण्णासाहेबांनी चप्पल घासून बघितली. "हितं धूळ कावून न्हाई?"

"मळी सांडलीय."

"मंग समदीकडं सांडा!"

मी वाकून ती जमीन नखाने खरवडून बघितली. खोटं कशाला बोलू, कल्पना वेडगळ वाटली तरी शास्त्राला धरून होती. मळी धूळ बांधून ठेवते. आणि मागच्या खड्ड्यात खराब झालेली मळी टाकून द्यायचीच होती, तशी सरकारी परवानगीही मिळालेली होती. खलील मिस्त्री तर नाचायलाच लागला. "वा अण्णासाब! ह्ये डोकं आपल्याला कावून न्हाई!" टँकरला मागे भोकं पाडलेला पाइप लावून त्याने दोन दिवसांत सगळं पार्किंग माखून काढलं.

काय दिसत होतं म्हणून सांगू! काळंभोर, चकचकीत, धुळीचा कण नाही. अण्णासाहेब त्यावर उभे राहून हरखून म्हणाले, "डांबरावानी दिसतंय, पर डांबर न्हाई!" मग ते पुढे गेले. चप्पल मागेच राहिली. तरी माणूस खूश. "पकड बघा, पकड!" ज्या त्या संचालकाला बोलावून सांगायचे, "कल्पना माझी!"

मुंग्या आल्या. मग माश्या आल्या. मग गांधीलमाश्या. मी कुरकुर केली तर खलील म्हणाला, "सायेब, मुंग्या काय गाडी उचलून नेणार हायत का?"

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला पोहोचलो आणि गेटातच थांबलो. पार्किंगवर गाडी मावेल एवढी जागा नव्हती. सगळीकडे गाई, बैल, म्हशी. माना खाली, जिभा जमिनीवर. नुसता खरखर, खरखर आवाज. छावणीतली जनावरं सकाळी पाण्याला सोडली होती. वारा फिरला आणि ती हौदाकडे जायच्या ऐवजी इकडे वळली.

इथे एक गोष्ट आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. छावणीत नुसता वाळका कडबा जनावरं खाईनात, म्हणून त्यावर मळीच शिंपडत होते. आमच्याच कारखान्याची. म्हणजे वास त्यांच्या ओळखीचा. आम्ही मैदानभर पंगत वाढली होती आणि पाहुणे जेवायला आले होते, एवढंच.

मधोमध एक म्हैस चक्क बसून चाटत होती. तिची मालकीण कौसाबाई कासरा ओढून ओढून दमली होती.

"मावशी, उठवा की तिला! साहेब यायलेत!"

"उठंना ना बाबा! काय लावलंय तुमी भुईला?"

"मळी."

"मंग तिला कावून बोल लावतो? ताटात वाढल्यावर खाणारच की ती. बायको करून आणशील, तिला बी जेवताना उठवशील का?"

बायकोचं नाव निघालं तसा मीही कासरा धरून ओढायला लागलो. अण्णासाहेब जिन्यावरून ओरडत होते, "विंजनेर! ही काय अवदसा आठवली तुमाला? तुमची मळी, तुमीच निस्तरा! न्हाईतर उद्यापासनं कामाला येऊ नका!" रात्रीत कल्पना माझी झाली होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आम्ही शेपट्या पिरगाळल्या. डबे बडवले. हिरव्या वैरणीची पेंढी नाचवली. एका बैलाने मान वर केली, पेंढी खाल्ली आणि पुन्हा मान खाली घातली. तेवढ्यात खलीलच्या डोक्यात किडा वळवळला. "भोंगा वाजवतो सायेब! जनावरं बिचकून पळत सुटतेत का न्हाई बघा."

मी नको म्हणेपर्यंत तो बटणापाशी पोहोचलाही होता.

भोंगा वाजला. जनावरांनी कानसुद्धा हलवला नाही. पण बंद कारखान्याचा भोंगा म्हणजे काय, हे आसपासच्या गावांना पाठ होतं. पाच-दहा मिनिटांत माणसं लोटली. कामगार डबा घेऊन, ड्रेस चढवून, सायकली पिटाळत आले. "चालू झाला! कारखाना चालू झाला!" कुणी नारळ आणला, कुणी हार. एकाने तो हार समोर दिसली त्या म्हशीच्या गळ्यात घातला. मी गेटाच्या खांबाला टेकलो. वाटलं, कायमच्या ऑर्डरचं सोडाच, आता टेम्पररीसुद्धा गेली. अंबाजोगाईला काय तोंड दाखवायचं?

आणि तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

ती रस्त्यावरच थांबली, दुसरा इलाजच नव्हता. साहेब उतरले, सांभाळून चार पावलं आत आले आणि थबकले. डावा बूट चिकटला होता. त्यांनी पाय उचलला तर मोजा वर आला, बूट तिथंच. एक वासरू आलं आणि तो बूट चाटायला लागलं.

साहेबांनी विचारलं, "हे पार्किंग कुणी केलं?"

"ह्यांनी," अण्णासाहेबांनी क्षणाचाही उशीर न लावता माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी चोहीकडे नजर फिरवली. "मी सकाळपासून छावण्याच बघत आलोय. सगळीकडे जनावरं माना टाकून उभी. इतकी खुशीत मला कुठंच दिसली नाहीत. ही चाटणाची सोय कुणी केली?"

"मी," अण्णासाहेब म्हणाले.

साहेबांनी एकदा अण्णासाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते असे हसायला लागले, असे हसायला लागले, की त्यांना धरायला ड्रायव्हर धावला. हसू आवरल्यावर त्यांनी डबे घेऊन उभ्या राहिलेल्या कामगारांकडे बघितलं आणि तसेच एका बुटावर मीटिंगला गेले. शिंक एकही आली नाही. पाऊस झाला आणि ऊस मिळाला तर कारखाना चालू करायला आपली हरकत नाही, असं बोलून गेले. जाता जाता म्हणाले, "चाटण बंद करू नका. मी परत येऊन बघणार आहे."

त्यानंतर छावणीत दोन दिवस काय झालं, ते जेवताना वाचणाऱ्यांचा विचार करून लिहीत नाही. पुढे मळी बेतानेच शिंपडायचो, एका कोपऱ्यात.

आठवड्याने अण्णासाहेबांनी बोलावून ऑर्डर हातात दिली. कायम! मी घाईघाईने घडी उलगडली. वाचली. हुद्दा होता, पशुखाद्य पर्यवेक्षक.

"अण्णासाहेब, मी सिव्हिलचा आहे!"

"सिव्हिलची जागा पार्किंगसाठी होती. पार्किंग हाय कुठं? चाटण हाय. सायबाला मी काय दाखवू मंग?"

त्याच संध्याकाळच्या एसटीने अंबाजोगाई गाठली. सासऱ्यांनी ऑर्डर वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"इंजिनिअर म्हणाला होतात ना तुम्ही?"

"ते टेम्पररी होतं."

आतून बांगड्यांचा आणि दाबलेल्या हसण्याचा आवाज आला. सासरे म्हणाले, "बरं, कायम आहे ना? मग रस्ते करा नाहीतर म्हशी राखा, आम्हाला काय!" तारीख निघाली. लग्नाच्या उखाण्यात तिने पशुखाद्य घातलंच, पण तो उखाणा मी इथे देणार नाही.

पावसाळा झाला. मळी धुऊन गेली, छावणी उठली. मी भीत भीत मैदान बघायला गेलो. पहार मारली तर उडून परत आली. आमच्या धंद्यात एक रोलर असतो, त्याला खुरांसारखे उंचवटे असतात. जमीन खोलवर दाबायला तो वापरतात. आम्हाला तो कुणी भाड्यानेही दिला नव्हता. इथे शेकडो खुरांनी ते काम फुकटात केलं होतं. त्या मैदानावर पुढे कित्येक हंगाम उसाचे ट्रक उभे राहिले, खड्डा पडला नाही. कल्पना कुणाची, असं विचारलं की अण्णासाहेब छातीवर हात ठेवायचे.

मी रिटायर झालो तोही पशुखाद्य पर्यवेक्षक म्हणूनच. आता लोक घरासमोरच्या गाडीच्या जागेसाठी सल्ला विचारायला येतात. पुस्तकात लिहिलंय की साहित्य निवडताना त्याची ताकद, झीज आणि पाण्याचा निचरा बघावा. तेवढं मी बघतोच. मग नमुना बोटावर घेऊन जिभेला लावतो. बेचव असेल तरच हो म्हणतो.