दक्षिणेच्या भिंतीला रचलेलं सरपण

मार्च उजाडला की उन्हाळा संपतो, असं इथलं कॅलेंडर म्हणतं. न्यूझीलंडच्या अगदी उत्तर टोकाला, पाइनच्या डोंगरांत दडलेल्या आमच्या गावातल्या हवेला कॅलेंडर दाखवून मात्र काही उपयोग नसतो. सकाळी दरीत इतकं दाट धुकं, की ओंडक्यांनी भरलेला ट्रक आधी ऐकू येतो आणि मग, देवाची कृपा असेल तर, दिसतो. दुपारी जांडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालूनही पाय भाजतात. संध्याकाळी कुठल्यातरी वादळाचं शेपूट येऊन सगळं भिजवून जातं.

मी गावातल्या सॉ मिलमध्ये लाकूड वाळवायच्या भट्ट्यांवर लक्ष ठेवतो. फळ्यांत ओलावा किती टक्के उरला हे पडद्यावर बघायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात लोकांना याचाच आनंद जास्त झाला.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या आमच्या पहिल्याच, आम्ही ओलं सरपण जाळलं. धूर घरात आणि ऊब चिमणीतून बाहेर, अशी व्यवस्था होती. बायको घरून काम करते. ती कानटोपी घालून मीटिंगांना बसायची. वसंत आल्यावर तिने अट सांगितली. ऑकलंडचं ऑफिस तिला परत बोलावत होतं, आणि तिथल्या फ्लॅट बुश उपनगरातल्या आमच्या घरातले भाडेकरू हिवाळ्याआधी जाणार होते. "यंदा सरपण वाळलं तर राहू," ती म्हणाली. "नाहीतर मी चालले. तू झोप तुझ्या भट्टीत."

डिसेंबरात मी ट्रकभर लाकूड मागवलं, फोडलं आणि होकायंत्र लावून घराच्या दक्षिण भिंतीला रचलं. पुण्यात आमच्या गच्चीवरचा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून असे. सूर्य दक्षिणेला कलतो, ही माझी लहानपणापासूनची खात्री. फ्लॅट बुशला इतकी वर्षं राहूनही ती तपासायची वेळ आली नाही. तिथे दिशा दोनच: मोटरवेवर चढायची आणि मोटरवेवरून उतरायची. तरी मी पडताळणी केली. कामाला निघताना सरपणावर ऊन, परत येताना ऊन. मधल्या वेळात मी मिलमध्ये दुसऱ्यांचं लाकूड वाळवत होतो.

उन्हाळाभर ओलाव्याचा आकडा उतरत गेला. मार्चमध्ये तो थांबला आणि मग चढायला लागला. मी ओलावा मोजायच्या यंत्राची बॅटरी बदलली. नंतर यंत्रच नवीन आणलं. दोन्ही यंत्रांचं एकमत झालं. त्यातच सरपणाला अळंबीच्या नारिंगी छत्र्या फुटल्या.

आमचे शेजारी म्हणजे ओंडक्यांचे ट्रक चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. संध्याकाळी बिअर घेऊन कुंपणाला टेकायचे. "किया ओरा" असा माओरी रामराम करून त्यांनी चळतीकडे नीट पाहिलं. "मेट, यानं घर गरम व्हायचं नाही," ते म्हणाले. "पण सूप हीप्स होईल, ढीगभर." दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मिलमध्ये सगळे मला सूपची पाककृती विचारत होते. सरपण मिलच्या भट्टीत टाकू का, हे मी साहेबांना आधीच विचारून बसलो होतो. ते नुसतेच हसले होते.

रविवारी दुपारी घराला वळसा घालून गेलो, तर बायको पलीकडच्या बाजूला गॉगल लावून कपडे वाळत घालत होती.

"इथे एवढं ऊन कसं?" मी विचारलं.

"सूर्य इकडे आहे म्हणून."

"ही उत्तर आहे."

"हो. इथे तो उत्तरेलाच असतो. आपण या देशात आल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू काहीतरी टेक्निकल करतोयस."

उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ सूर्य दक्षिणेकडूनही डोकावतो. तेवढ्यावर माझी पडताळणी उभी होती. शरद लागला की तो उत्तरेला सरकतो आणि दक्षिणेची भिंत थेट वसंतापर्यंत अंधारात जाते.

आता सरपणाला जागा एकच उरली होती, उत्तरेची भिंत. तिथे बायकोच्या टेबलामागची खिडकी. त्या खिडकीसाठीच तिने हे घर पसंत केलं होतं. पुढचे काही दिवस कोरडे, असं हवामानखातं सांगत होतं. तिथे रचू का, असं मी निर्लज्जपणे विचारलं.

ती आत गेली. खिडकीत उभी राहून बराच वेळ बाहेर बघत होती. मी चिमटे गोळा करत राहिलो. मग ती गमबूट आणि हातमोजे घालून बाहेर आली.

"काचेपर्यंत रचायचं. काचेवर एक ढलपीसुद्धा नको."

"मग सगळं मावणार नाही."

"मावेल तेवढ्यात भागवू. बाकीचं शेजाऱ्यांना दे, सूप करतील."

ऑफिसला काय कळवणार, हे मी दोन ढकलगाड्या रिकाम्या करून मगच विचारलं.

"नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "आणि ती खालची रांग काढ. मधून वारा जायला जागाच ठेवली नाहीस."

मी रांग काढली आणि परत रचायला घेतली.