रागीट आत्या

माझ्या आत्याइतकी रागीट बाई गडचिरोली जिल्ह्याने दुसरी पाहिली नसेल. धानोऱ्याच्या दवाखान्यात ती आयुष्यभर नर्स होती, आणि रोगी इंजेक्शनपेक्षा तिच्या नजरेनेच आधी बरे होत. दारुड्यावर, चोरावर ती फारशी चिडायची नाही. 'त्याईले कोणीतरी सांगतेच,' म्हणायची. तिचा राग खाऊनपिऊन सुखी, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या आमच्यासारख्यांवर. नाताळच्या जेवणात कोणी दुसऱ्यांदा मटण वाढून घेतलं की ती त्याच्या ताटाकडे असं पाही, की त्याला आपली सगळी पापं आठवत. पाळकसाहेबांनी एकदा त्यागावर तासभर प्रवचन दिलं. दाराशी हात मिळवताना आत्या म्हणाली, "चांगलं बोलले साहेब. आता ते दोन कूलर घरून दवाखान्यात पाठवा, बाळंतिणी उकडून राह्यल्या." साहेबांनी एक पाठवला. दुसऱ्यासाठी ती पुढच्या रविवारी पुन्हा दाराशी उभी!

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी भद्रावतीत घरासमोर मोठा मांडव टाकला. डीजे, धुराचं मशीन, तीन मजली केक आणि स्टेजवर आम्हा दोघांसाठी सिंहासनासारख्या लाल खुर्च्या. आत्या दुपारच्या एसटीने आली, मांडवभर फिरली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"काऊन रे, वहिनी कुठी हाय?"

वहिनी म्हणजे माझी आई. तिचे हात थरथरायचे, जेवताना अंगावर सांडायचं. "मागच्या खोलीत हाय," मी म्हणालो. "तिले गर्दी सोसत नाई."

"तिले गर्दी सोसत नाई, का तुले ती सोसत नाई?"

आणि ती तडक घरात गेली. आईला धरून, पाऊल पाऊल चालवत तिने भर मांडवातून आणलं आणि स्टेजवर माझ्या खुर्चीत बसवलं. डीजेवाल्याने आत्याचा चेहरा पाहून न सांगताच गाणं बंद केलं. मग दोनशे पाहुण्यांसमोर आत्याने डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, या घरात खाणं लई झालं, ते वाटून घ्यायची अक्कल दे," आणि आईला वरणभाताचे घास भरवू लागली. सांडलेलं आपल्या पदराने पुसत होती.

"आत्या, तू माही इज्जत काढली!" मी दातओठ खात म्हणालो.

"तुही इज्जत या खुर्चीवर बसून जेवून राह्यली," ती म्हणाली. "हळू बोल, तिले ठसका लागन."

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही. वर्ष व्हायच्या आत आई गेली. मातीला आत्या आली, काही न बोलता निघून गेली, आणि त्याचाही मला संताप आला. ती चुकली असती तर मला किती सोपं झालं असतं! मागच्या खोलीत आईला ठेवणारा मीच होतो, आणि हे कबूल करण्यापेक्षा आत्याला शिव्या घालणं बरं वाटत होतं.

यंदा गुड फ्रायडेला शेवटी धानोऱ्याला गेलो. अंगणातल्या खाटेवर आत्या बसली होती, वाळून अर्धी झालेली. माझी नवी गाडी पाहून म्हणाली, "मस्त हाय. बसाले बरी असन." बस, एवढंच. मला राहवलं नाही.

"आत्या, रागव ना मले."

"थकली रे आता," ती म्हणाली. "तुह्यावर तूच रागावत जा."

आणि खाटेवर आडवी होऊन तिने झोपायला डोळे मिटले. ती उठून काहीतरी खरमरीत बोलेल म्हणून मी बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिलो.